मिरची न झोंबणारा डोळा

लालबागच्या मिरची गल्लीत नवखा माणूस ओळखायला अक्कल लागत नाही. तो आधी शिंकतो, मग खोकतो, मग खिशात रुमाल चाचपतो आणि तोवर त्याच्या डोळ्यांना धार लागलेली असते. गल्लीतली माणसं त्याला हसतात, पण त्यांचे स्वतःचे डोळे काही कोरडे नसतात. सवय झालेली असते, एवढंच. लाल डोळा ही इथली हजेरी. कुणाचा पांढराशुभ्र दिसला तर विचारतात, काय रे, काल दांडी मारलीस काय?

तेव्हा सुंदराबाईंचा डावा डोळा अख्खा उन्हाळा लाल होता आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही, यात नवल नाही. नवल करायचंच तर मनवाचं करा. ती त्यांची एकुलती एक मुलगी. परळच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला, आणि पगार घ्यायची तो नेमका त्याच विषाणूवर काम करायचा, जो आईच्या डोळ्यात उतरला होता. लोकांना काय, म्हण तयारच असते. दिव्याखाली अंधार म्हणाले नि आपापल्या खोल्यांत गेले. म्हणणाऱ्याचं जातं काय? पण सुरुवातीपासून ऐका, मग काय ते म्हणा.

संक्रांत होऊन गेली आणि आईच्या कपाळावर डाव्या अंगाला आग व्हायला लागली. नुसती आग, वर काही दिसेना. आईने बाम चोळला, सुंठ उगाळून लावली. मग फोड आले. भुवईवर, पापणीवर, गालाच्या वरच्या अंगाला, आणि एक टपोरा फोड नाकाच्या शेंड्यावर. शेजारच्या गंगुबाई गेरूची वाटी घेऊनच आल्या. नागीण कमरेला वेढा घालते, तिचं तोंड शेपटाला टेकलं की माणूस गेला, एवढं चाळीत पोराटोरांनाही ठाऊक. पण तोंडावर चढलेली नागीण त्यांनीही पाहिली नव्हती. वाटी हातात धरून त्या म्हणाल्या, "हिचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं गं, मनवा? लावू तरी कुठून?"

मनवाने गेरू लावू दिला नाही. ती नाकाच्या शेंड्यावरचा तो फोड बघत होती. तिथे फोड आला म्हणजे विषाणू बहुतेक डोळ्याकडे निघालेला असतो, हे तिने वाचलेलं होतं. तिने त्याच दिवशी आईला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टर संघमित्रा वयाने मनवाएवढ्याच असतील. बोलायला तुटक, पण हात हलका. त्यांनी गोळ्या दिल्या, थेंब दिले, मलम दिलं, आणि शेवटी म्हणाल्या, "दर आठवड्याला दाखवायचं. दुखायचं थांबलं तरी यायचं. थांबलं तर उलट लवकर यायचं."

मनवाने मान डोलावली. तिला वाटलं, सगळ्यांनाच सांगत असतील.

पुढचे दिवस फार वाईट गेले. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण दुखणं काही हटेना. आईला पदराचा स्पर्श सहन होईना, पंख्याचा वारा सहन होईना. कुणी दार जोरात लावलं तरी कपाळात कळ जायची. ज्या बाईने नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर बाबुरावांच्या मसाला कांडपावर उभी हयात काढली, हातांची आग आग होत असताना संध्याकाळी भाकऱ्या थापल्या, ती भिंतीकडे तोंड करून मुलासारखी विव्हळायची. मनवाचा जीव तुटायचा. कामावरून आली की ती आईच्या उशाशी बसायची आणि आईचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून काहीबाही बोलायची.

"पण ही इली खयसून?" आईने एकदा विचारलं. "मी कोणाचा काय वायट केलंय?"

"तू काही नाही केलंस. लहानपणी तुला कांजिण्या आल्या होत्या ना?"

"देवी इल्ली माका. आवशीन कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलेली."

"त्याच कांजिण्या. फोड गेले, पण तो विषाणू गेलाच नाही. तो नसांच्या पेशींत शिरून बसला. पेशीच्या मध्यात केंद्रक असतं, आतली खोली म्हण. तिथे आपल्या जनुकांचं सगळं सूत बॉबिनवर गुंडाळून ठेवलेलं असतं. त्याचंही सूत आपल्याच बॉबिनवर गुंडाळलं गेलं. त्याच्याकडे स्वतःची बॉबिन नाही, काही नाही. इतकी वर्षं गप पडून होता."

"मग आत्ताच कशाक उठलो?"

"आपल्या पेशीत एक मुकादम असतो," मनवा म्हणाली. त्या प्रथिनाचं खरं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरं नि आकडा, ते आईला सांगून उपयोग नव्हता. वडील कताईखात्यात होते, त्यामुळे घरात मुकादम सगळ्यांना कळत होता. "नसांच्या पेशीत तो एरवी खोलीबाहेर बसून असतो. त्याला काम नसतं. पेशीला त्रास झाला, वय झालं, अंगातली ताकद कमी पडली, की तो आत जातो आणि बंद पडलेली सुतं चालू करतो. आता त्यातलं आपलं कुठलं नि परक्याचं कुठलं, ते त्याला कळत नाही. विषाणूला नेमका तोच लागतो. तो आत आल्याशिवाय ह्याला जाग येत नाही."

"म्हणजे घरचोच भेदी."

"भेदी नाही गं. भेदी जाणूनबुजून करतो. हा बिचारा आपल्या कामावर जातो."

आई भिंतीकडून वळून उताणी झाली. मग म्हणाली, "तुझ्या बापाशीची गिरण चालू करूक असो एक मुकादम गावलो नाय."

आणि तिला हसू आलं. हसताना कपाळाची कातडी हलली तशी कळ आली आणि ती पुन्हा भिंतीकडे वळली.

अशा वेळी माणूस नवस बोलणार नाही तर काय करणार? आईने गावच्या सातेरीला नवस बोलला. दुखणं थांबव, तुला चांदीचे डोळे वाहीन. मनवाला तिने ते सांगितलं. गोळ्यांनी भागत नव्हतं, देवीने भागलं तर तिची ना नव्हती. आणि मग शिमगा तोंडावर आला असताना एके सकाळी आई उठून बसली आणि म्हणाली, "थांबला गो."

खरंच थांबलं होतं. कपाळावर हात ठेवला तरी कळ नाही, पदर लागला तरी नाही. आईने स्वतः चहा केला. पंखा लावला आणि त्याच्या खाली मुद्दाम बसली. मनवाला इतका आनंद झाला की ती त्या दिवशी उशिरा कामावर गेली. आधी लालबागलाच सराफाकडून चांदीचे डोळे आणले. पातळ पत्र्याचे दोन डोळे, मध्ये काळा ठिपका. शेजारचा निलेश शिमग्याच्या पालखीला गावी निघाला होता, त्याच्याकडे ते दिले, नारळ दिला. देवीसमोर ठेवून हात जोड म्हणाली. प्रयोगशाळेत पांढरा कोट घालणाऱ्या मुलीने असं करावं का, हा प्रश्न तिला पडला नाही. आईचं दुखणं गेलं होतं, तिच्यासाठी तेवढं पुरे होतं.

इस्पितळात जायचा वार आला तेव्हा आई म्हणाली, "आता दुखणा नाय तर खय जाऊन बसतलंस त्या रांगेत?" मनवाला त्या दिवशी प्रयोगशाळेत पेशी रंगवायच्या होत्या. ती म्हणाली, बरं, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात आई कांडपावर गेलेली होती. मसाल्याचा हंगाम सुरू झाला होता. थेंबांची बाटली फळीवर राहिली.

कांडपावर काय असतं, ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगतो. लोखंडी डंख, म्हणजे यंत्रावरची मुसळं, रांगेने वरखाली आपटत असतात, खाली उखळात भाजलेली मिरची, धणे, लवंग, दालचिनी. बाईने शेजारी बसून डंखाच्या मारातून मसाला खालीवर करत राहायचं. धूळ उडते ती सरळ तोंडावर. बायका नाकाला पदर बांधतात, पण डोळ्यांना काय बांधणार? दर थोड्या वेळाने उठायचं, पाण्याचे हबके मारायचे, पुन्हा बसायचं. सुंदराबाई त्या वर्षी उठेचनात. डावं अंग डंखाकडे करून एका बैठकीत पायली पायली मिरची कुटून काढायच्या. बाबुराव येणाऱ्या गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, "आमच्या सुंदराबायला बघा. नागिणीतून उठून आली. मिरची हिला भिते."

डोळा लाल होता. गल्लीतले सगळेच डोळे लाल होते. अंधूक दिसत होतं, पण आई म्हणाली मोतीबिंदू असेल, या वयात सगळ्यांनाच होतो. हंगाम झाला की काढून घेऊ. मनवा म्हणाली, हो, पावसाळ्यात काढू. ती सकाळी निघायची तेव्हा आई पाठमोरी असायची, संध्याकाळी यायची तेव्हा आईच्या तोंडावर मिरचीचा थर असायचा. पोरीने आईकडे पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, पण बरी झालेली आई पाहिली.

आणि ते दिवस मनवाचेही कामाचे होते. प्रयोगशाळेत तिने काचेच्या ताटल्यांत नसांच्या पेशी वाढवल्या होत्या आणि त्यांत तो झोपलेला विषाणू ठेवला होता. मुकादमाला हिरवा रंग लागेल अशी सोय केली होती. पेशींना उपाशी ठेवलं की हिरवा रंग बाहेरून आत जायचा आणि विषाणू उठायचा. हे तिला आधीच दिसलं होतं. आता ती मुकादमाला बाहेरच अडवून धरायचं बघत होती. तो आत गेला नाही तर विषाणू झोपूनच राहील का? आठवडेच्या आठवडे पेशी मरत होत्या, रंग नीट लागत नव्हता. आणि मे महिन्यात एका सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर ताटलीभर पेशी होत्या, प्रत्येकीची आतली खोली काळीभोर आणि हिरवा रंग सगळा बाहेर. विषाणू उठला नव्हता. तिने प्रमुख इरावती मॅडमना बोलावलं. मॅडमनी बराच वेळ पाहिलं. कौतुकाच्या बाबतीत बाई कंजूष, पण त्या मान वर करून म्हणाल्या, "हे छान झालंय, मनवा. हे खरंच छान झालंय."

आईला सांगावं म्हणून मनवा दुपारीच निघाली. वाटेत पेढे घेतले आणि सरळ गल्लीत गेली.

आई डंखापाशी बसली होती आणि बाबुरावांशी हुज्जत घालत होती. धणे जुने आणलेत, वासच नाही, असल्या धण्यांचा मसाला म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यात धूळ. तिने मनवाला पाहिलं आणि हसून तोंड तिच्याकडे वळवलं. "पेढे कसले गो?"

तिच्या डाव्या डोळ्यावर, नेमकं बुबुळावर, मिरचीचं सालपट बसलेलं होतं.

लहानसंच, नखाएवढंही नाही. लालभडक. डोळा उघडा होता. आई बोलताना पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या, आणि प्रत्येक वेळी सालपट जरासं सरकून पुन्हा बुबुळावर येत होतं. आईला पत्ता नव्हता. सालपटाच्या कडेने बुबुळ पांढुरकं दिसत होतं, दूध फाटावं तसं.

"आई," मनवा म्हणाली, "डोळ्यात काही गेलंय का तुझ्या?"

"नाय गो. ह्यो डोळो आता एकदम बरो. मिरची लागतच नाय." आईने डंखाकडे हात केला. "म्हणान तर मी हीच बाजू हयसर करून बसतंय. उजवो अजून चुरचुरता."

बाबुराव हसले. मनवाला सगळं कळलं, एकदम कळलं, आणि काहीही वाटलं नाही. भीती वाटायला हवी होती. रडू यायला हवं होतं. तिने पेढ्यांचा पुडा बाबुरावांच्या हातात दिला, आईला नळावर नेलं आणि पाण्याने डोळा धुतला. सालपट निघून गेलं. आई म्हणत होती, एवढं काय झालं, हंगामाचे दिवस आहेत, गिऱ्हाईक खोळंबलंय. मनवाने तिच्या हाताला धरलं आणि टॅक्सीला हात केला.

डॉक्टर संघमित्रांनी कापसाची बारीक वात वळली. आधी उजव्या डोळ्याला नुसती टेकवली, आई दचकून मागे सरली. मग डाव्या बुबुळाला टेकवली. आई बसून राहिली. डॉक्टरांनी वात तिथून फिरवली, पापणीवरून, कपाळावरून, नाकावरून, गालावरून.

"मावशी, आता कुठे लागतंय?"

"लावलास काय तुमी?" आई म्हणाली.

डॉक्टरांनी वात टाकून दिली. मग त्या मनवाशी बोलल्या, आणि मनवा ऐकत राहिली, दुसऱ्या कुणाच्या घरातलं बोलणं भिंतीपलीकडून ऐकावं तसं. नागिणीने नसच मारली होती. दुखणं बरं झालं म्हणून थांबलेलं नव्हतं, दुखणं सांगणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून थांबलं होतं. डोळ्याला झोंबतं म्हणून डोळ्याला पाणी सुटतं, पाणी सुटतं म्हणून तो धुतला जातो, खुपतं म्हणून माणूस चोळायचं थांबतो, डॉक्टरकडे येतो. यातलं काहीच झालं नाही. बुबुळावर जखम झाली, त्या जखमेवर रोज मिरची बसली, आणि जखम पार खोल गेली. आता फुटायच्या बेतात होती.

"पापण्या शिवून घ्याव्या लागतील," डॉक्टर म्हणाल्या. "पूर्ण नाही. कोपऱ्यात फट ठेवू, औषध घालायला. डोळा आत झाकलेला राहिला तर वाचेल. डोळा म्हणजे नुसता गोळा. नजर येणार नाही."

"अजिबात?"

"नाही. खोटं कशाला सांगू?"

आधी काय सांगितलं होतं, ते डॉक्टरांनी काढलं नाही. काढलं असतं तर मनवाला बरं वाटलं असतं. तिने कागदावर सही केली. आईने विचारलं, "काय म्हणतत?" मनवाने सांगितलं. सरळ सांगितलं, तिला दुसरं काही सुचलं नाही. आई म्हणाली, "बरा. एक पुरे."

शिवायला फार वेळ लागला नाही. डॉक्टरांनी भूल दिली होती, पण आई नंतर म्हणाली की ती दिली नसती तरी चाललं असतं.

चाळीतल्या बायका बघायला आल्या. गंगुबाई म्हणाल्या, गेरू लावू दिला असता तर ही वेळ आली नसती. मनवाने त्यांना चहा दिला. कुणी म्हणालं, एवढी शिकलेली पोरगी घरात. मनवाने त्यांनाही चहा दिला. तिला कुणाचा राग येत नव्हता. जेवण जात नव्हतं असं नव्हतं, जात होतं, पण भात आणि आमटी यांत फरक कळत नव्हता. ती वेळेवर झोपत होती, वेळेवर उठत होती. आईच्या डोळ्याच्या फटीत मोजून थेंब घालत होती. आपल्याला काय झालंय, असा विचार तिने एकदा केला आणि तोही अर्ध्यावर सोडून दिला.

चार दिवसांनी ती कामावर गेली. इरावती मॅडमनी आईची चौकशी केली, रजा वाढवून घे म्हणाल्या. मनवा म्हणाली, नको. ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली. ताटलीत पेशी तशाच होत्या, आतल्या खोल्या काळ्या, मुकादम बाहेर. काम बरोबर झालं होतं. त्यावर लेख लिहिला जाणार होता, नाव होणार होतं. कधीतरी, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, कुणाच्या तरी आईची नागीण उठायच्या आधीच थांबवता येणार होती. मनवाने दुसरी ताटली घेतली, ज्यात मुकादमाला अडवलेलं नव्हतं. तिथे प्रत्येक खोली हिरवीगार झळाळत होती आणि कडेकडेने पेशी मरून गळून पडलेल्या होत्या. किती सुंदर दिसतं, असं ती पूर्वी म्हणायची. त्या दिवशी तिने ताटली परत जागेवर ठेवली आणि हात धुतले.

बाबुराव एका रविवारी दुपारी आले. दारात चपला काढून आत आले आणि बशीत ओतून चहा प्यायले. त्यांनाही वाईट वाटत होतं. कौतुक त्यांनीच केलं होतं ना. शेवटी म्हणाले, "सुंदराबाय, कांडपावर आता नको. गल्ल्यावर बस. पुड्या बांध, पैसे घे. तुझी जागा आहेच."

"येतंय," आई म्हणाली. "टाके सुकांदेत."

ते गेले. मनवाने कप उचलले, मोरीत ठेवले आणि आईच्या उजव्या हाताला जमिनीवर येऊन बसली. गॅलरीतून कुणाच्या तरी खोलीतल्या टीव्हीचा आवाज येत होता. आई पलंगाच्या कडेला बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मनवा, ह्या परत कधी दुखतला काय गो?"

"नाही."

"कधीच?"

"नस मेली, आई. आता नाही दुखणार."

आईने पदर सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला. "माका वाटला, बरा झाला," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी उठलंय नि दुखणा नाय. मी पंख्याखाली जाऊन बसलंय. तुका आठवता? इतको आनंद झाल्लो गो माका. तुझो बापूस गेल्यापासून तसो आनंद माका कधी झालो नव्हतो."

तिची मान खाली गेली. नागीण निघाली तेव्हापासून आई विव्हळली होती, पण रडली नव्हती. आता रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. पदराने डोळा पुसला, पुन्हा भरून आला, पुन्हा पुसला. उजवाच पुसत होती. मनवाने पाहिलं तर डाव्या बाजूला, शिवलेल्या पापणीच्या कोपऱ्यातल्या फटीतून, पाणी वाहत होतं. मिरचीचं पाणी त्या डोळ्याला आता कधी येणार नव्हतं. पण रडण्याचं पाणी वेगळ्या वाटेने येतं, आणि त्या वाटेला नागीण लागलेली नव्हती. ते गालावरून खाली येत होतं, चांगली धार लागली होती. आईला त्यातलं काही कळत नव्हतं.

मनवा उठली, पलंगाला वळसा घालून आईच्या डाव्या अंगाला येऊन बसली आणि तिने आईचा गाल तळहाताने पुसला. तो पुन्हा ओला झाला. तिने पुन्हा पुसला, आणि मग हात तिथेच ठेवला, पूर्ण हात, गालाला धरून. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

आईने उजवा डोळा कोरडा केला, नाक ओढलं आणि मान वर केली. उजवीकडे पाहिलं, जिथे मनवा आधी बसलेली होती. मग दाराकडे पाहिलं.

"झाला गो, झाला माझा," ती म्हणाली. "मनवा? खय गेलंस गो?"

मनवाचा हात तिच्या गालावर होता.